सतरा दिवसांतले अकरा खून

प्रिय सुकेशनी,

सप्रेम जयभीम. फोन सोडून ताईनं पाकीट कशाला पाठवलं म्हणून तू दारातच घाबरशील, म्हणून आधी सांगून टाकते: आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. फक्त गेल्या सतरा दिवसांत आमच्या या रिसोडच्या घरात अकरा खून झाले. पाच पुस्तकांत, चार टीव्हीवर, एक पत्त्यांच्या खेळात, आणि एक घराबाहेर, वाशीमच्या नाट्यगृहात, अगदी माझ्या डोळ्यांदेखत. फोनवर ऐकलेल्या गोष्टींतले तर मोजलेच नाहीत.

हे वेड आपल्याला माहेरी, किन्हीराजाला लागलं. बाबा जवळच्या मालेगावच्या वाचनालयातून रहस्यकथा आणायचे, मी मोठ्यानं वाचायची आणि तू घरात रचलेल्या कापसाच्या ढिगावर लोळत ऐकायचीस. मध्येच ओरडायचीस, "ताई, त्या वकिलानंच मारलं!" एकदा तू चोरून शेवटचं पान वाचलंस आणि खुनी कोण ते जेवायच्या वेळी सांगून मोकळी झालीस. मी ताटावरून उठून तुला बदडलं. माय सोडवायला आली तर तिलाही एक बसली. त्या दिवसापासून आपल्या घरात शेवटचं पान आधी वाचणं हे खुनापेक्षा मोठं पाप ठरलं. लग्नानंतर मी तो कायदा इकडेही लागू केला. तुझे भाऊजी तो पाळतात, कारण त्यांना दुसरा इलाजच नाही. आमच्या या संघपाल गुरुजींनी बावीस वर्षांत एकही खुनी बरोबर ओळखलेला नाही. पहिल्या पाच मिनिटांत जो कुणी चष्मा घालून येतो त्याच्यावर बोट ठेवतात आणि शेवटपर्यंत हटत नाहीत.

दिवाळीपूर्वीचे दिवस म्हणजे माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग. बाजार समितीसमोर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते, घराघरात नवे कपडे निघतात, आणि बाया कापड घेऊन दारात येतात. दरवर्षी या दिवसांत मला पुस्तक उघडायलाही फुरसत नसते. यंदा मात्र मशीनवर बसले की फोनवर कुणीतरी वाचून दाखवलेली रहस्यकथा लावायची, पोळ्या लाटताना टीव्हीवरचा तपास, आणि दुपारी वाचनालयातलं पुस्तक. वैजयंती अमरावतीहून सुट्टीला आली तेव्हा होस्टेलातल्या मुलींचा एक खेळ घेऊन आली. प्रत्येकाला एकेक पत्ता मिळतो, कुणी माळी, कुणी सून, कुणी डॉक्टर. आपला पत्ता लपवायचा आणि प्रश्न विचारून खुनी हुडकायचा. खुन्याचा पत्ता मला आला. मी इतकी सरळ तोंडानं खोटं बोलले की पोरगी म्हणाली, "आई, तुझी भीती वाटते मला." मी हसले. पण सुकेशनी, त्या हसण्यानं मला स्वतःलाच कसंतरी झालं, कारण खोटं बोलायचा माझा सराव त्या खेळाच्या आधीच सुरू झाला होता.

झालं होतं असं. दसऱ्यानंतर मी स्वतःसाठी ब्लाउज शिवायला घेतला. टेप अंगाला लावून माप घेत होते तर डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, बोटाला गाठ लागली. चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. मी टेप गुंडाळून ठेवला आणि ते कापड आजतागायत तसंच पडलं आहे. चार दिवस मी दुसऱ्यांचेच ब्लाउज शिवत राहिले. पाचव्या दिवशी अस्तर आणि लेस आणायला जाते असं सांगून एकटी अकोल्याला गेले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी हात लावून पाहिलं, फोटो काढायला लावले, मग सुई घालून गाठीतला तुकडा काढला आणि सांगितलं, रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील. मी अस्तर आणि लेस खरंच विकत घेतली, म्हणजे रिकाम्या हातानं घरी आल्यावर शंका नको.

ते बारा दिवस मी या खुनांच्या आधारानं काढले. हात थांबला की तो डावीकडे जायचा, आणि गोष्ट थांबली की मनही तिथंच जायचं. म्हणून एक संपायच्या आत दुसरी. त्या गोष्टींत कितीही रक्त सांडलं तरी शेवटी कुणीतरी उठतं, सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि काय झालं ते नीट उलगडून सांगतं. मला तेवढंच हवं होतं. माझ्या बाबतीत ते सांगायला अजून कुणी उठलं नव्हतं.

वाशीमचा प्रयोग त्याच आठवड्यात होता. कॉलेजच्या पोरापोरींनी बसवलेलं नाटक, आणि मध्यंतरात प्रेक्षकांनी चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून द्यायचं. भाऊजींना शाळेत तीन पास मिळाले होते. पडदा उघडला तो एका घरात बारसं चाललेलं, आणि पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याचा खून. काय रंगलो गं आम्ही! पुढच्या रांगेतली एक आजी तर संशयिताला सरळ विचारत होती, "काहून रे, हात कायले धुतले तू?" नाट्यगृह हसून लोटपोट झालं, आणि कितीतरी दिवसांनी मीही पोटातून हसले. भाऊजींनी चष्मेवाल्या भटजीचं नाव लिहिलं. मी आत्याचं लिहिलं आणि ते बरोबर निघालं. मला मंचावर बोलावलं, माईक हातात दिला, कसं ओळखलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, बाकी सगळे घाबरलेत, ही एकटीच जो येईल त्याला जेवायचा आग्रह करते आहे. ज्याच्याजवळ लपवायला असतं तो हात चालू ठेवतो. टाळ्या पडल्या. मी खाली पाहिलं तर भाऊजी टाळ्या वाजवत नव्हते. ते नुसते माझ्याकडे पाहत होते.

प्रयोग दुपारचा होता. सुटल्यावर वैजयंती मैत्रिणींना भेटायला मागं राहिली आणि आम्ही दोघं बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो. तुला ठाऊक आहे, शाळेत प्रमाण मराठी बोलणारे गुरुजी जीव कासावीस झाला की वऱ्हाडीवर येतात. बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. म्हणाले, "सरिता, मले आजवर एकबी खुनी सापडला नाही. पन तुले म्या पकडलं."

मी म्हटलं, "मी काय केलं?"

"तू शेवटचं पान पयले वाचून राह्यली. पाचही पुस्तकाईत. म्या माह्या डोयानं पायलं. दुसऱ्यानं असं केलं असतं तर तू त्याले घरातून काढलं असतं. काय झालं तुले? कायचं भेव वाटून राह्यलं?"

सुकेशनी, इतके दिवस मी सगळं बिनचूक लपवलं होतं. अकोल्याचं तिकीट फाडलं होतं, कागद कापडांच्या गठ्ठ्यात ठेवले होते. आणि पकडली गेले ती शेवट माहीत नसलेलं पुस्तक सहन होत नव्हतं म्हणून. मी तिथंच, भज्यांच्या प्लेटीसमोर, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकटी काहून गेली?" आणि मग बराच वेळ माझा टेप धरायचा हात धरून बसले. लोक पाहत होते. पाहू दे म्हटलं.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. पातूरच्या घाटात मला मळमळलं तेव्हा ते खिडकी उघडून अर्ध्या गाडीला वारा घालत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि मान वर करून सांगितलं, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. भाऊजींनी विचारलं, "म्हणजे काहीच नाही ना?" त्या म्हणाल्या, नाही. भाऊजींनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाईंनी कागद त्यांच्याकडे फिरवला आणि ओळीवर बोट ठेवलं. बाहेर येऊन ते जिन्यात बसले आणि रडायच्याऐवजी हसायलाच लागले, थांबेचनात. वॉचमन पाणी घेऊन आला. मला तर इतकी भूक लागली की स्टँडवर मी तीन आलुबोंडे खाल्ले आणि चौथा गाडीत. वाटेतलं मेडशी कधी गेलं ते कळलं नाही, मी त्यांच्या खांद्यावर झोपले होते. घरी येऊन अर्धवट पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का? मी नाही म्हणाले. रिपोर्ट आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि भाऊजी शेजारी असताना माझ्यानं खोटं बोलवलं नाही. सुके, माय काविळीनं गेली नाही. मायला हेच होतं, आणि ते कॅन्सरचं होतं. वर्षभर तिनं लाजेनं पदराआड ठेवलं, मला सांगितलं तेव्हा हातातून गेलं होतं. मी वीस वर्षांची होते, तू बारा. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, लहानीला सांगू नको, ती भिऊन जाईल. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी ते पाळत राहिले. बाईंनी सांगितलं, आईला होतं म्हणजे दोघी मुलींनी दरवर्षी तपासून घ्यायचं, आणि बहिणीला लगेच कळवा. फोन तू मध्येच ठेवून दिला असतास, आणि माझाही आवाज टिकला नसता. पाकिटात रिपोर्टची झेरॉक्स आहे, तुझ्या डॉक्टरांना दाखव. शुक्रवारी सकाळी मी तुझ्याकडे नाशिकला पोचते, शनिवारी आपण दोघी जाऊ. तू एकटीनं जायचं नाहीस. चोवीस वर्षं लपवलं म्हणून माझ्यावर रागावशील, तो तुझा हक्क आहे. पण आधी तपासून घे. मग किती रागवायचं ते रागव, मी समोर बसून ऐकेन.

तुझीच,
सरिताताई