बडबडीच्या वेण्या

प्रिय धाकटे,

तुला अनेक आशीर्वाद. मी सुखरूप आहे, वेळेवर जेवते, बीपीची गोळी चुकवत नाही. तुझ्या यजमानांचा गुडघा कसा आहे?

या परमुलखातल्या बायकांशी ओळख वाढावी म्हणून ही सेवायात्रा. तिच्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरून लोकांकडे मदत कोणी मागितली? तू आणि मी. ती निवृत्त कॅशियर, आपली बडबडी, नुसती बॅग भरून आली!

आता बघ. त्यांची भाषा घोकून आले मी. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बसवायच्या तसं बायकांना रांगेत बसवते, फळ्यावर शिवण समजावते, बोलायचं तर हात वर करायला लावते. वर्ग अगदी चिडीचूप! भिंतीपलीकडे बडबडी जमिनीवर फतकल मारून त्यांच्याकडून वेण्या घालून घेते. भाषेचा एक शब्द येत नाही, तरी खिदळणं थांबत नाही. काल माझ्या निम्म्या बायका तिकडे सरकल्या.

मी दारातूनच विचारलं, "सेवेला आलोय की नटायला?"

तर म्हणते, "बाई, तुमच्या त्या अंबाड्याला हात लावायची कोणाची छाती आहे? सोडा की जरा!"

आगाऊ मेली! मला तिचा हेवा वाटतो असं मात्र समजू नकोस.

आज सकाळी डोकं धुतलं. केस मोकळे सोडूनच वर्गावर निघालेय. वाळले नाहीत म्हणून, दुसरं काही नाही. कंगवाही बरोबर घेतलाय.

तुझीच,
ताई