पांढरा बेडका

८ जानेवारी २०२४, सोमवार

पोचले एकदाची. ओतूरहून सकाळी निघाले आणि माळशेज उतरेपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपलेच. टोकावड्याला खाणीची जीप उभी होती. मॅनेजर सुयोग स्वतः न्यायला आला होता. कल्याणच्या खाजगी हॉस्पिटलात अकरा वर्षं नर्स होते, पण तिथे कुणी माझी बॅग उचलल्याचं आठवत नाही. याने दोन्ही उचलल्या, वर वाटेत चहा पाजला.

कातळवाडी म्हणजे सत्तरेक घरं. मागे खाण, खाणीला लागून दगड भरडणारा क्रशर आणि वाडीच्या तोंडाशी माझा दवाखाना. पुढची खोली तपासणीची, मागची माझी. दारावर पाटी : सिस्टर प्रेमा डुंबरे. रंग अजून ओला होता. बोट लावून पाहिलं तर निळं झालं. वाडीत जे जे नवं आहे ते सगळं याच निळ्या रंगाचं : देऊळ, शाळेच्या दोन खोल्या, नळाची टाकी. खाणीचे मालक भावेशशेठ यांनी बांधून दिलंय. सुयोग म्हणाला, खाण आणि वाडी म्हणजे एकच घर आहे. ऐकून बरं वाटलं.

झाडलोटीला हौसा म्हणून पन्नाशीची बाई आहे. बोलते थोडं, हसते फार. तिने तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी आणून दिली. भाकरी जरा कचकच लागत होती, पण भूक सपाटून लागली होती. दोन खाल्ल्या.

११ जानेवारी, गुरुवार

इथला दिवस सुरुंगांवर चालतो. एकला एक, पाचला एक. भोंगा वाजतो, कोंबड्यासुद्धा आडोशाला पळतात, मग जमीन पायाखालून उचलल्यासारखी होते. थोड्या वेळाने धूळ येते. येते म्हणजे सावकाश उतरते, पिठासारखी. आंब्याची पानं पांढरी, म्हशींच्या पाठी पांढऱ्या, वाळत घातलेले कपडे झटकले की ढग उठतो. मी दुधाचं पातेलं दोनदा झाकलं, तरी तळाशी गाळ बसलाच. दूध ओतून दिलं. हौसाने तो गाळ बोटाने पुसून चाटला! मी ओरडले, तेव्हा हसून म्हणाली, "आमाला चालतंय, बाय. पोटात जाऊन जाऊन पोट पण खडीचंच झालंय."

पहिल्या तीन दिवसांत सव्वीस पेशंट. सगळ्यांना एकच तक्रार, खोकला.

१७ जानेवारी, बुधवार

हे लिहू की नको कळत नाही. नर्सला किळस परवडत नाही. मी जखमेतल्या अळ्या वेचल्या आहेत, बेडपॅन धुतली आहेत. पण आजचं निराळं.

तपासणीच्या खोलीतलं बेसिन दोन दिवस तुंबलं होतं. पेशंट त्यातच थुंकतात. इथला बेडका पांढरा असतो, दाट, भिजवलेल्या चुन्यासारखा, आणि तो वाळत नाही, थिजतो. जाळीखाली हात घातला तर बोटांना नळीच्या आकाराचा घट्ट गोळा लागला, वरून बुळबुळीत, आत दगड. हौसाने छिन्नी आणली. तिने ठोकून ठोकून तुकडे काढले आणि मी दारात जाऊन ओकले.

तिचा नवरा धाऊ क्रशरवर दगड टाकायला असतो. त्याची छाती ऐकली. आत चाळण हलवल्यासारखा आवाज. मुरबाडला जाऊन छातीचा फोटो काढायची चिठ्ठी दिली.

२४ जानेवारी, बुधवार

सुयोग आला होता. धाऊची चिठ्ठी त्याच्याच हातात होती. चिडला नाही. खुर्चीत बसून शांतपणे म्हणाला, हे लोक विडी ओढतात, तेच रजिस्टरमध्ये लिहा. धुळीचं लिहिलं तर खाण बंद होईल, मग नळ बंद, शाळा बंद, तुमचा दवाखानाही बंद. मग यांना बघणार कोण?

खरंच, कोण बघणार? मी लिहिलं, विडीचं व्यसन. एकतीस नावांपुढे.

मग त्याने एक कागद पुढे केला. खाण आता वाडीमागच्या टेकडीच्या उरलेल्या भागात वाढवायची आहे. त्याला माझा दाखला हवा होता की गावाच्या आरोग्याची काही तक्रार नाही. सही केली. सही करताना माझ्याच बोटांची शिसारी आली. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार

म्हसा गावची जत्रा. कामगार गेले, क्रशर दोन दिवस बंद. आभाळ पहिल्यांदाच निळं दिसलं.

तरीही खोकला थांबला नाही, उलट वाढला. वाडीतून सगळीकडून तोच आवाज, ओला, खरवडणारा. धूळ नसताना हे कुठून वर येतंय?

२ फेब्रुवारी, शुक्रवार

परवापासून उरलेली टेकडी फोडायला घेतली.

आज धाऊ खोकता खोकता बाकावरून खाली आला. मी ट्रे धरला. बेडका पडला तो टण्णकन वाजला. चिमट्याने उलगडला. आत दात होता. मला वाटलं त्याचाच. तोंड उघडायला लावून मोजले, सगळे जागच्या जागी. आणि हा दात दुधाचा होता, पाचसहा वर्षांच्या लेकराचा.

ट्रे उकळत्या पाण्यात टाकला. हात चारदा धुतले. जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

आणखी चौघांचे. नखाएवढं हाड. हिरव्या बांगडीची काच. केसांचा पुंजका, लांब, लाळेत गुंडाळलेला. एका बाईच्या घशातून ओढून काढताना तो संपतच नव्हता. हातभर निघाला. तिचे स्वतःचे केस पिकलेले होते. हे काळे.

दुपारी धाऊच्या बेडक्यातून लाल मणी निघाला. मी तो फेकणार तेवढ्यात हौसाने माझं मनगट धरलं. मणी तोंडात घालून तिने चोखून स्वच्छ केला, मग उजेडाला धरला. मी मागे सरले. ती मात्र खाली बसली आणि रडायला लागली.

तिची मुलगी मीना तीन वर्षांपूर्वी साप चावून गेली, सोळा वर्षांची. हौसाने स्वतः ओवलेली माळ तिच्या गळ्यात होती. वाडीत मयत पुरतात, आणि पुरायची जागा म्हणजे ती मागची टेकडी. अर्धी गेल्या वर्षीच क्रशरमध्ये गेली. माती, दगड, सगळं एकत्र.

मी विचारलं, तुम्ही टेकडी खाणीला दिलीत कशी? ती म्हणाली, "देऊळ देतो बोलले, नळ देतो बोलले. आमी सगल्यांनी अंगठं दिलं. मी पण दिला, बाय. कुणी जबरदस्ती नाय केली."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

रजिस्टरमधली सगळी ‘विडी’ खोडली. खरं ते लिहिलं आणि वही घेऊन ऑफिसात गेले. सुयोगला सांगितलं, टेकडीवरचं काम आजच्या आज थांबवा, नाहीतर मी तहसीलदारांकडे जाते.

तो वाद घालायला उठला आणि त्याला ढास लागली. रुमाल तोंडाला लावला. काढला तेव्हा त्यात काहीतरी वळवळल्यासारखं दिसलं. ते पायाचं जोडवं होतं, चांदीचं, फेसात माखलेलं. त्याने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि मला म्हणाला, मॅडम, बसा ना, चहा घ्या.

त्याच्या दातांच्या फटी पांढऱ्या होत्या.

११ फेब्रुवारी, रविवार

सुयोग पळाला. सामान तसंच टाकून. भावेशशेठ फोन उचलत नाहीत.

पण आज देवळाचा वर्षाचा भंडारा होता आणि तो झाला. शेठनी बुंदी आणि पुरी पाठवली. पंगत बसली. वाडीतले सगळे जेवत होते, मधेच पत्रावळीच्या कडेला थुंकत होते आणि पुन्हा त्याच हाताने बुंदी उचलत होते. माझ्या शेजारची म्हातारी थुंकलेल्यातून काहीतरी निवडून पदराच्या गाठीत बांधत होती. मी बुंदीचा घास चावला. कट्.

साखर असेल. मी थुंकून पाहिलं नाही. गिळला. सगळे बघत होते.

१४ फेब्रुवारी, बुधवार

धाऊ गेला. सकाळी, माझ्याच बाकावर. दुसरी चिठ्ठी देऊन मुरबाडला काढवलेल्या फोटोत त्याची दोन्ही फुप्फुसं पांढरी होती, भिंत लिंपावी तशी. मी पहिल्याच आठवड्यात खरं लिहिलं असतं तर? तर कदाचित.

पुरायला जागा नाही. टेकडीच्या जागी खड्डा आहे. माणसं त्याला खांद्यावर घेऊन क्रशरभोवती फिरली आणि परत आली. शेवटी देवळामागे पुरला. खणताना सगळे खोकत होते. थुंकी खड्ड्यातच पडत होती. हौसा रडली नाही. ती प्रत्येकाच्या तोंडाखाली हात धरत होती, ओंजळ करून.

मला विचारलं नाही कुणी काही. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

घसा खवखवतो आहे. गरम पाणी, मीठ.

दुपारी – लिहायला नको – पांढरा. थोडासाच. बेसिनमध्ये पाणी सोडत बसले. जात नाही. पुन्हा पुन्हा पाहते. आत काही नाही. नाही ना?

तहसीलदारांना अर्ज पोस्टात टाकला. टोकावड्याला गेलेच होते, तशीच बसमध्ये चढायला हवं होतं. कपडे, सर्टिफिकेटं राहिली म्हणून परत आले. मूर्ख.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच निघणार होते. उठवेना. छातीवर कुणी उकिडवं बसल्यासारखं.

नऊला आला. मोठा. घशातून वर येताना खरवडत, फिरत – माझ्या जिभेवर त्याचा आकार कळत होता. बोटाचं पेर. नखासकट. मेंदी लावलेलं नख. माझ्या तोंडात. दात घासले, रक्त येईपर्यंत घासले, चव जात नाही, गोडसर, ओल्या मातीची –

मी यातल्या एकालाही ओळखत नाही. माझ्यात कसे आले?

सही. उरलेल्या अर्ध्या टेकडीवर माझी सही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बॅग घेऊन दार उघडलं. बाहेर वाडी बसलेली. ओट्यावर, रस्त्यावर, जीपच्या टपावर. प्रत्येकापुढे काहीतरी – वाटी, ताट, पसरलेलं फडकं. कुणी ओरडलं नाही. एकाने बॅग हातातून घेतली, अगदी हळू, आणि आत नेऊन ठेवली.

हौसाने समजावलं. त्यांच्यातून आता काही येत नाही, जुनी अर्धी टेकडी संपली. नवी सगळी माझ्यात आहे. म्हणाली, "एवढ्यांना ज्याचं त्याचं मानूस देऊन जा, बाय. मंग तुला कोण अडवनार नाय."

मी म्हटलं, मरेन मी. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. हाताला त्याच्या – धाऊच्या – थुंकीचा वास.

दुपार

अकरा जणांना दिलं. एकाला वडील. एकीला नुसतं कानातलं. ती नाचली. माझ्या थुंकीतून उचललं, कपाळाला लावलं, तसंच, न धुता.

मला किळस येते आहे. त्यांची नाही आता. माझ्या तोंडाची. तोंड आहे की –

रांग संपत नाही. मागच्या वाड्यांचेही आलेत, तेही याच टेकडीत पुरायचे.

एकचा सुरुंग झाला. शेठनी नवा मॅनेजर पाठवला म्हणे. काम चालू आहे. म्हणजे अजून येणार, अजून –

लिहिताना कागदावर पडतंय. पुसलं की पसरतं. पुढचा माणूस ताट धरून उभा आहे, सत्तरीचा, विचारतो आहे बायको आली का, बघा ना जरा खोल खोकून. कसला आदबीने विचारतो. घशात काहीतरी मोठं आहे. आडवं. श्वास – हौसा पाठ चोळते आहे, म्हणते, आलं गो, आलं, सोड, सोड तिला