हॉल झाडण्याचं मशीन माझ्या ताब्यात

२ डिसेंबर, सोमवार

चर्चच्या हॉलचं झाडण्याचं मशीन आजपासून माझ्या ताब्यात. हे व्हायलाच हवं होतं. स्टॅन प्रुखनिक दोन्ही गुडघे बदलून मुलीकडे फ्लोरिडाला गेला, तेव्हापासून हॉलला वाली नव्हता. कमिटीने मला पंधरा तारखेच्या नाताळच्या जेवणापर्यंत ट्रायलवर ठेवलं आहे. जेवण पार पडलं की ठरणार, हॉल कायमचा माझ्याकडे की फ्लॉरेन्स ग्राबियाककडे.

ट्रायल! जिने चर्चच्या शाळेचं ऑफिस शाळा बंद पडेपर्यंत चालवलं, तिला ट्रायल! शाळा जूनमध्ये बंद पडली. माझ्यामुळे नाही.

मला या कामाची गरज नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. घरी पुष्कळ कामं आहेत. आज चांदीचे चमचे पुसले. कालही पुसले होते.

मशीन पिवळं आहे. गवत कापायच्या मशीनएवढं. पुढे एक गोल फिरणारा ब्रश, पोटाखाली एक लांब ब्रश, मागे कचऱ्याचा डबा. बॅटरीवर चालतं. आपण नुसता दांडा धरून मागून चालायचं. यात शिकण्यासारखं काय आहे, देव जाणे.

३ डिसेंबर, मंगळवार

तरीही शिकवणी झालीच. सकाळच्या मासनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, फादर एमेकांनी कमिटीला हॉलमध्ये बसवून मशीनचे नियम सांगितले. फादर नायजेरियाचे. बफेलोतला त्यांचा हा तिसरा हिवाळा, अजून दोन-दोन स्वेटर घालतात. बूट बंद हवेत, गळ्यात काही लोंबतं नको, ओलं झाडायचं नाही... फ्लॉरेन्स पहिल्या रांगेत. प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. चौथीत एका वर्गात होतो, तेव्हाही अशीच हलवायची.

मी म्हटलं, फादर, शाळेत असताना सिस्टर पर्पेचुआंनी आम्हाला याच हॉलमध्ये झाडायला शिकवलंय. फ्लॉरेन्सला कोपरे पुन्हा झाडावे लागायचे, मला कधीच नाही. फादर म्हणाले, "मिसेस वोयतास, सिस्टर पर्पेचुआंच्या झाडूला बॅटरी होती का?" सगळे हसले. फ्लॉरेन्स सगळ्यांत जास्त.

मी उठून आले. अर्धे नियम ऐकले. उरलेले अर्धे त्यावरून कळतात.

दांड्यावर चित्रं चिकटवली आहेत. ब्रशमध्ये हात घातलेला माणूस, त्यावर लाल फुली. चित्रं बघून शिकायला मी बालवाडीत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिली झाडणी. एकूण यशस्वी.

मशीन माझ्यापेक्षा किंचित जोरात चालतं. हा मशीनचा दोष आहे. स्टेजच्या पायऱ्यांना थोडा धक्का बसला. कोटांचा स्टँड पडला, पण तो तिथे ठेवलाच कोणी? डाव्या बाजूची भिंत पहिल्यापासून जरा पुढे आलेली आहे.

गळ्यातला रेशमी स्कार्फ मशीनच्या पोटात गेला. गळा बाहेर राहिला, कारण मी सावध असते. फादरनी धावत येऊन किल्ली बंद केली. मी करणारच होते.

स्कार्फ मावशीने दिला होता. रंग मला कधीच आवडला नव्हता.

निश्चय : यापुढे स्कार्फ घरी. बाकी काहीही बदलण्याची गरज नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सरोवरावरून बर्फ आलं. दारातून गाडी निघेना, तरी लोक बिंगोला आले. या गावात मासला येणार नाहीत, बिंगोला येतील. प्रत्येकाच्या बुटाला रस्त्यावरचं मीठ आणि चिखल. हॉलभर राखाडी लापशी.

मी मशीन काढलं. सगळं एका फेरीत गिळलं त्याने. मी लोकांकडे बघितलं. लोकांनीही बघितलं.

मग मशीन खोकायला लागलं आणि थांबलं. डबा उघडला तर आत केकचं पीठ असावं तसं काहीतरी. फिल्टरवर सिमेंटचा थर.

फ्लॉरेन्स म्हणाली, "अगं बर्नाडीन, ओलं झाडायचं नाही हा तिसरा नियम. तू त्यानंतर उठलीस. म्हणजे ऐकला होतास!" मी म्हटलं, मी ओलं झाडलं नाही, लोकांनी ओलं आणलं. यावर ती फडकं आणायला गेली. म्हणजे हरली.

दारावर पाटी लावली : बूट झटका. 'कृपया' मुद्दाम लिहिलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

फिल्टर घरी आणून धुतला. गरम पाणी, चांगला साबण, वर थोडं व्हिनेगर. जे धुतल्यावर विरघळतं ते मुळातच चांगल्या प्रतीचं नव्हतं.

संध्याकाळी फादरचा फोन. फिल्टर कागदाचा असतो, नुसता झटकायचा असतो, हे त्यांनी मंगळवारी सांगितलं होतं म्हणे. मी गेल्यानंतर. मी म्हटलं, महत्त्वाच्या गोष्टी माणूस आधी सांगतो.

९ डिसेंबर, सोमवार

फ्लॉरेन्स एवढ्या बर्फात गाडी काढून नवा फिल्टर घेऊन आली आणि बसवूनही टाकला. मला न विचारता! आगाऊपणाची हद्द झाली. वर म्हणते, "आभार मानू नकोस हं, तुला त्रास होईल." मानले नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार

मशीन अर्ध्या हॉलमध्ये मेलं. काल चार्जिंगला लावून गेले होते. जाताना दिवे बंद केले, कारण वीज वाया घालवणं पाप आहे. दिव्याच्या बटणानेच तो प्लगही बंद होतो, असं आज कळलं. म्हणजे मला पुण्य करण्याची शिक्षा झाली.

उरलेला अर्धा हॉल साध्या झाडूने झाडला. हात अजून शाबूत आहे. कंबर नाही.

निश्चय : (१) रोज डबा रिकामा करणे. (२) रोज फिल्टर झटकणे. (३) दिवे चालू ठेवून जाणे. (४) फ्लॉरेन्सशी गोड बोलणे. यातलं पहिलं आज राहिलं, उद्या नक्की.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या जेवण. माझा दिवस.

गवताचे दोन गठ्ठे आले. पोलिश रिवाजाप्रमाणे दर वर्षी बायका टेबलक्लॉथखाली चिमूटभर गवत ठेवतात, नखाने उचलल्यासारखं. का? तर नंतर झाडावं लागतं. येशू गोठ्यात जन्मला की चमच्यात? मी जाहीर केलं, या वर्षी प्रत्येक टेबलावर ओंजळभर. मशीन आहे. बायका खूष झाल्या. हेलन झिएबाने तर टेबलक्लॉथ बसेना इतकं भरलं. सूपची प्लेट ठेवली की घसरते. उद्या बघू.

गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापून तिथेच टाकल्या. फ्लॉरेन्स वाकून वाकून गोळा करायला लागली. म्हणाली, "मशीनला सुतळी चालत नाही गं." मी म्हटलं, त्याला मी चालते, तर सुतळी का नाही चालणार? बायका हसल्या. विनोदात मी तिच्या पुढेच आहे. तिने चार-पाच तुकडे खिशात कोंबले. लहानपणीही हिच्या खिशात कचरा असायचा.

निश्चय (१) अजून राहिलाच आहे. उद्या एकदमच करीन.

१६ डिसेंबर, सोमवार

काल काय झालं ते शांतपणे आणि न्यायबुद्धीने लिहिते.

जेवण उत्तम. हेरिंग मासे, बीटचं सूप, पिएरोगी म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या. प्रथेप्रमाणे एक खुर्ची आणि एक ताट अनपेक्षित पाहुण्यासाठी रिकामं. सुरुवातीला सगळ्यांनी एकमेकांच्या हातातली पवित्र पापडी मोडून खाल्ली. पापडी मोडताना आधीचं सगळं माफ करायचं असतं आणि समोरच्याला काहीतरी चांगलं चिंतायचं असतं. मी फ्लॉरेन्सला चुकवत पूर्ण हॉल फिरले. तिने मला कोटांच्या स्टँडमागे गाठलं. माझ्या पापडीचा तुकडा मोडून म्हणाली, "बर्नाडीन, तुला उत्तम आरोग्य लाभो. आणि एखादा तरी नियम शेवटपर्यंत ऐकण्याची बुद्धी." मी तिच्या पापडीचा मोठा तुकडा मोडला आणि तिला मौन चिंतलं.

मग पोरांनी गवत ओढलं. ज्याची काडी लांब त्याला लांब आयुष्य. म्हातारेही ओढायला लागले, तेच जास्त जोरात. ओंजळभर गवत होतं, त्यामुळे हॉलचा गोठा झाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. याच क्षणासाठी मी थांबले होते.

मशीन काढलं. पहिली फेरी, मागे लखलखीत पट्टा. टाळ्या. दुसरी फेरी, आणखी टाळ्या. फादरही उभे राहिले. तिसऱ्या फेरीला पोटातून घरघर आली आणि लांब ब्रश फिरेना. मी दांडा जोरात रेटला, कारण हट्टी वस्तूंना रेटावंच लागतं. जळक्या रबराचा वास. मग धूर.

खाली वाकून बघितलं. सुतळी. ब्रशभोवती गुंडाळून दोरखंड झालेला, एक टोक बाहेर लोंबत होतं. ओढायला हात घातला.

"किल्ली! अगं, आधी किल्ली!" फ्लॉरेन्स अशी ओरडली की सूप देणाऱ्या बायका थबकल्या. आणि तिने माझं मनगट धरून मला मागे खेचलं. त्याच क्षणी सुतळी सुटली आणि ब्रश गरकन फिरला. हात असता तिथे तर, असं फादर दोनदा म्हणाले. मी म्हटलं, नव्हता ना? मनगट आज निळं आहे. तिची पकड शाळेतही राक्षसी होती.

नंतर थोडा वेळ बसले. सूप प्यायला घेतलं, ते टेबलक्लॉथवर सांडलं. हॉलमध्ये गारठा होता.

तेवढ्यात धुरामुळे अलार्म वाजला आणि आगीचा बंब आला. पाच जण, हेल्मेटसकट. आग नव्हती, म्हणून जेवायला बसले. एका पाहुण्याची जागा होती, खुर्च्या वाढवाव्या लागल्या. त्यांच्यातला एक म्हणाला, "आजीनंतर असं बीटचं सूप प्यायलो नव्हतो." आमच्या जेवणाला इतक्या वर्षांत अनपेक्षित पाहुणा एकदाही खरोखर आला नव्हता. काल पाच आले. हे कोणामुळे, ते कोणी बोललं नाही.

गवत सगळ्यांनी मिळून झाडूने काढलं. गाणी म्हणत. मशीन कोपऱ्यात होतं. कोणी विचारायच्या आत मी घरी आले.

१७ डिसेंबर, मंगळवार

कमिटीची मीटिंग. हॉल आणि मशीन फ्लॉरेन्सकडे. ब्रश फिरवणारा रबरी पट्टा जळला, नवा घालावा लागेल. डबा उघडला तेव्हा आत सात तारखेपासूनचं सगळं निघालं. फादरनी नुसता दुसरा स्वेटर चढवला.

मी उभी राहून राजीनामा दिला. फादरनी विचारलं, "कशाचा?" मी म्हटलं, सर्वसाधारण.

तेव्हा फ्लॉरेन्स म्हणाली, मशीनच्या पुढे कोणीतरी चालायला हवं. सुतळी, गवत, केसांच्या पिना, सगळं आधी हाताने उचलायला. मशीनला डोळे नसतात. आणि जमिनीवर काय पडलंय, कोणी टाकलंय आणि कोणाच्या घरचं वळण कसं आहे, हे बर्नाडीनइतकं कोणालाच दिसत नाही. सगळे हसले आणि हात वर केले. एकमताने मंजूर.

मी आयुष्यभर लोकांच्या मागे उभी राहून त्यांच्यावर नजर ठेवत आले आहे. कोणाच्या पुढे वाकून चालणार नाही. असं सांगितलं आणि दार आपटून आले. दार हळू बंद होणारं आहे, आपटलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

घरी. शांत. फार छान.

चमचे पुसले. मग काटे. मग ज्या खोक्यात ते ठेवते ते खोकं.

दुपारी फ्लॉरेन्सचा फोन. पट्टा आला, उद्या सकाळी झाडायचं आहे, येतेस का? मी म्हटलं, मी कामात आहे. तिने विचारलं, "कोणत्या?" अशा प्रश्नाला सभ्य बाई उत्तर देत नाही. फोन ठेवला.

जाणार नाही. हे शेवटचं.

१९ डिसेंबर, गुरुवार

गेले. फक्त तिच्या चुका बघायला.

तिने मला पिवळं जाकीट दिलं, रस्त्यावरच्या कामगारांसारखं. घातलं, कारण हॉल थंड होता. मी पुढे, मशीन मागे, मशीनच्या मागे फ्लॉरेन्स. सुतळीचे तीन तुकडे मिळाले, एक कानातलं, आणि स्टॅनच्या काळातली असावी अशी बिंगोची एक सोंगटी. तीन तुकडे! मशीनच्या नशिबाने मी होते.

ती बरी चालवते. सरळ रेषेत, वळताना थांबते, हात घालायच्या आधी किल्ली काढून खिशात ठेवते. स्टेजजवळचा एक कोपरा मात्र राहिला. मी थांबून बोट दाखवलं. ती म्हणाली, "बाई गं, सिस्टर पर्पेचुआ गेल्या आणि तुला ठेवून गेल्या." पण मशीन वळवून कोपरा घेतला. पुन्हा. शाळेतल्यासारखाच.

मध्ये एकदा मी एका पिनेसाठी वाकले तर मागून ओरडली, "उचल आणि चाल, नाहीतर तुलाही झाडून डब्यात नेईन." मी म्हटलं, डबा आधी रिकामा कर. दोघी हसलो. मी कमी.

शनिवारी बिंगोनंतर पुन्हा ये म्हणाली. मी म्हटलं, घरची कामं संपली तर बघते.

घरी आल्यावर बंद बूट काढून पॉलिश केले आणि दाराशी ठेवले.