पडद्याला आडवी आलेली फांदी

बाबा, माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी नाही. काल एका गावात जंगल राखण्यावरची छोटी फिल्म दाखवायला गेले होते. पडदा लावताना एक माणूस म्हणाला, "बाई, हे फांदी आडवी येऊन राह्यली, तोडू का?" मी इतक्या जोरात "नाही!" ओरडले की तो बिचारा दचकलाच. त्याची काय चूक? ओरडले मी तुमच्यावर होते.

तुम्ही सरकारच्या सिनेमागाडीवर होतात. विहीर स्वच्छ ठेवा, शेणखत कुजवा, झाडं जगवा, असल्या फिल्मा घेऊन चामोर्शीच्या पुढे जंगलातल्या गावांत जायचात. फिल्म हिंदीत बोलायची, तुम्ही भोंग्यातून आपल्या बोलीत सांगायचात, मधूनच गोंडीत. लोक हसायचे, वाद घालायचे, पडदा गुंडाळला तरी उठायचे नाहीत. शाळेला सुट्टी असली की मीही गाडीत असायची. माझ्या बाबांसारखा माणूस नाही, असं वाटायचं मला. म्हणूनच इतकं लागलं.

त्या दिवशी अशाच एका गावात तुमचं काम बघायला साहेब आलेत. दिवस मावळतोय. तुम्ही पडदा मोहाच्या आणि साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडामधे बांधलाय, आणि साजाची एक जाड फांदी नेमकी साहेबांच्या खुर्चीपुढे येते. तुम्ही ड्रायव्हरला कुऱ्हाड काढायला सांगता. गावाच्या देवाचं सगळं बघणारा म्हातारा भूमक हात जोडून पुढे येतो. "भाऊ, हे झाड नको तोडू. आमचा देव हाय इथी. घडीभर थांब, आमी बांबू आणतो, पडदा तिकडं बांधू." आणि तुम्ही म्हणता, "साहेब बसून राह्यले ना! काऊन अडवून राह्यला मले?"

तुम्हाला ठाऊक नसतं तर मी कधीच विसरले असते. पण साजाला नवं धान्य वाहिल्याशिवाय त्या गावात कोणी घास तोंडात घालत नाही, हे मला सांगितलं कोणी? तुम्हीच, त्याच गावात, त्याच म्हाताऱ्याच्या घरी जेवताना. साहेब घडीभर थांबले असते. तुम्ही त्यांना विचारलंसुद्धा नाही!

फांदी पडली. भूमकाने ती उचलली, बाकीच्यांनी हात लावला आणि सगळं गाव ती घेऊन देवाच्या छोट्या देवळाकडे निघून गेलं. बाया गेल्या, लेकरं गेली. चटया रिकाम्या. तरी तुम्ही मशीन सुरू केलं. पडद्यावर कोणीतरी रोप लावत होतं आणि तुम्ही भोंग्यातून त्या रिकाम्या चटयांना सांगत होतात, "झाडाले लेकरावानी जपा." तुमचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. लाज वाटली मला, बाबा. परतताना मी विचारलं, "ते लोक काऊन गेले?" तुम्ही म्हणालात, "गप बस." त्यानंतर आपली गाडी त्या गावाला कधी गेली नाही. तिथला रस्ता खराब आहे, असं तुम्ही घरी सांगायचात. रस्ता चांगला होता.

आता मी माझ्या जीपवर बांबू बांधूनच निघते. गावात पोचले की आधी विचारते, पडदा कुठे लावू, कुठे नको. लोक सांगतात, मग फिल्म बघतात, मग माझ्याशी भांडतात. झाडं आमी जपतो, ट्रक भरून लाकूड नेते त्याले दाखव ना तुझी फिल्म, म्हणतात. खरंच म्हणतात. तुम्ही असतात तर यावर त्यांच्याशी कसं बोलला असता, हे मी दर वेळी मनात ऐकते, आणि त्याचाही मला राग येतो.

हे पत्र कुठे टाकायचं? राहू दे इथेच. फक्त एक सांगून टाकते. काल त्या माणसाने बांबू धरता धरता विचारलं, "बाई, आधी पुसाची हे रीत तुले कोणं शिकवली?"

मी म्हटलं, माझ्या बाबांनी.