पाखऱ्याचं डावं शिंग

वणी,
होळीच्या आधीचा गुरुवार, १९६२

ती. सदाशिवमामांच्या पायांशी भाचा घनश्याम याचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? अन् पाखऱ्याच्या मोडक्या शिंगाले तेल-हळद चालू आहे ना? (हा शेवटचा प्रश्न रीतीखातर नाही. त्या बैलापायीच हे पत्र लिहून राह्यलो.) माझी तब्येत विचाराल तर डोकं ठिकाणावर नाही.

यंदा जत्रेच्या दिवसांत आम्हा चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं, असं आमच्या मंडळाचे चिटणीस देवराव यांनी ठरवलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीले चुना मारला अन् दारावर 'कलादालन' अशी पाटी ठोकली. देवराव नागपुरात राहून आले तेव्हापासून त्यांना सरळ काही काढवतच नाही. त्यांचं 'अंतर्मन' नावाचं चित्र म्हणजे तीन त्रिकोण अन् एक डोळा. ते मधोमध, दिव्याखाली! माझा पाखऱ्या मात्र दाराआड, पाण्याच्या माठावर. काहून, तर म्हणे 'यात नवं काय?' अहो, दिवाळीची अख्खी सुट्टी तुमच्या गोठ्यात शेणात बसून काढला मी तो! (चित्राले शोभा यावी म्हणून मामीनं आपल्या बाबांच्या फोटोची शिसवी फ्रेम सोडवून दिली, बिचाऱ्या बाबांना तांदळाच्या डब्यामागं उभं केलं, हे या देवरावले काय सांगू?) अन् लोक येत, माठातलं पाणी पीत अन् पाखऱ्याकडे पाठ करून निघून जात. मले रडू यायचंच बाकी होतं.

काल बैलबाजारातून हिरासिंग नावाचा बंजारा शेतकरी असाच पाणी प्यायले आला. गिलास तोंडाशी नेला अन् थांबला. पाखऱ्याचे खूर पाहिले, वशिंड पाहिलं, मागं सरून पाहिलं, पुन्हा जवळ आला. "मास्तर, जित्ता हाये हो हा!" म्हणाला. मामा, माझ्या अंगावर काटा आला. आजवर माझ्या चित्राले असं कोणी म्हटलं नव्हतं. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला अन् खालून बोटं धरली. बाजाराची रीत तुम्हाले मी काय सांगावी? दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही. कोणतं बोट म्हणजे किती, हे मले ठाऊक असेल तर शपथ! हाताले लागली ती बोटं दाबली. त्यानंही दाबली. सौदा झाला. त्यानं कमरेच्या पुडीतला गुलाल काढून चित्राच्या काचेवर उधळला. मी मनात म्हटलं, याले म्हणतात रसिक! (देवरावचं तोंड पाहण्यासारखं झालतं.) अन् मग हा बाबा चित्र तिथंच सोडून निघाला अन् दारातून विचारतो, "बैल कोठी बांधला हाये?"

मी मूर्ख, सांगून बसलो. मुकुटबनले, सदाशिवमामाच्या गोठ्यात.

तर मामा, या माणसानं चित्र नाही, तुमचा पाखऱ्या घेतला आहे. मी हातापाया पडलो, चित्र विकलं म्हणून शंभरदा सांगितलं, तर हसते! "कागदाचा सौदा कोन करते, मास्तर? गुलाल पडला, आता जबान फिरत नाही." होळी झाली की तो तुमच्या दारात येणार. तुमच्या गोठ्यातला लाडका बैल मी परस्पर विकला, आता कोणत्या तोंडानं घरी येऊ? उपाय एकच आहे. चित्रात मी पाखऱ्याले दोन्ही शिंगं काढली. (मोडकं काढायले मन झालं नाही हो!) हिरासिंग आला की तुम्ही काही बोलू नका, पाखऱ्याचं डावं अंग तेवढं पुढं करा. मोडकं शिंग पाहून तो स्वतःच चालता होईल.

मामीले नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञेतला,
घनश्याम

ता. क. – वरचं सगळं रद्द. शिंग अजिबात दाखवू नका! पाखऱ्याले दूर वावरात नेऊन बांधा, चोरीले गेला म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. जेवता जेवता ध्यानात आलं, शिंग पाहिलं की हिरासिंग म्हणेल, मास्तरानं खोटा बैल काढला. मामा, अख्ख्या वणीत माझ्या चित्रासमोर थांबलेला तो एकच माणूस आहे.

ता. क. दुसरा – पत्र टाकायले निघालो तर हिरासिंगच दारात, हातात नवा कोरा दोर! मले राहवलं नाही. सांगून टाकलं की डावं शिंग मोडकं आहे, ते मी मनानं काढलं. वाटलं, आता दोराचे फटके बसतात. तो मले घेऊन कलादालनात गेला, पाखऱ्यासमोर उभा राहिला, काचेवरून त्या डाव्या शिंगावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग तो मोडका तुमच्या मामालेच राहू द्या. मले हाच पायजे." अन् त्याच दोरानं चित्र पाठीशी बांधून गेला. ठरल्या भावात मामा, बैलाच्या भावात! मी देवरावसमोर लेकरासारखा रडलो.

रडून झाल्यावर आठवलं, फ्रेमही गेली. तेव्हा मामीच्या बाबांना आणखी काही दिवस तांदळाच्या डब्यामागंच राहू द्या. अन् हे पत्र मामीले वाचून दाखवू नका.