फ्यूजच्या जागी तार

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळी साडेअकरा

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. तुम्ही सगळे बरे असाल. आम्हीही बरे आहोत. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तेवढं सांभाळून घे.

बारा वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात काय करावी तेच सुचत नाहीये. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी जे सांगायचंय ते माझ्या तोंडून निघणार नाही. अप्पांना तपासायला येणाऱ्या नर्सताई एकच्या गाडीने तुमच्या गावी बहिणीकडे चालल्यात, त्यांच्या हाती हे देतेय.

अप्पांच्या फुप्फुसांचं तुझ्या कानावर आलंच असेल. ऑक्सिजनचं मशीन घरी आणलंय, ते दिवसरात्र लागतं. दहा दिवसांपूर्वी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. तेव्हापासून वीज फक्त रात्री येते आणि सकाळी आठला जाते. छोटा सिलिंडर संपला. नवा शुक्रवारी मिळेल म्हणतात. दवाखान्यात खाट नाही, रिकामी झाली की कळवतील.

मग तुझ्या या शिवणकाम करणाऱ्या बहिणीने काय केलं असेल? घरी सौरऊर्जेचा जनरेटर बनवला! हसू नकोस. बंद पडलेल्या शाळेच्या गच्चीवरचे चार पॅनेल मिळाले, एका ट्रकवाल्याने दोन बॅटऱ्या दिल्या, इन्व्हर्टर अप्पांच्या दुकानातून वाचलेल्या सामानात होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं एका लाकडी पेटीत बसवलं. पॅनेलला जोडायचा चार्जर दोनदा उलटा जोडला, तिसऱ्यांदा दिवा लागला. अप्पांचं मशीन सुरू झालं तेव्हा मी कॉटजवळ खाली बसून ढसाढसा रडले. अप्पा म्हणाले, "माझी पोरगी आहेस खरी."

आज पाचवा दिवस. पेटी छान चालते. जरा गरम होते, एवढंच.

तू वायरिंगची कामं करतोस. "जरा म्हणजे किती?" असं तू विचारणार, हे लिहितानाच मला कळलं.

दादा, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत मी जुन्या इस्त्रीची वायर घातलीय. माझ्याकडे तीच होती. इस्त्री एवढी तापते, तिची वायर दणकट असणार, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं की फ्यूज उडायचा. तीनदा उडाला. तिसऱ्यांदा अप्पांचे ओठ निळे पडले. हातात चौथा फ्यूज नव्हता.

मग मी आपल्या घरची रीत केली. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवली. अप्पा दुकानात म्हणायचे ना, "एकदा जाड तार घातली की पुन्हा स्टुलावर चढायला नको." खरंच, पुन्हा काही उडालं नाही.

काल दुपारी वास आला. वायरचं आवरण एका जागी मऊ पडलंय, बोट लावलं तर ठसा उमटतो. वायर आखूड आहे, म्हणून पेटी कॉटच्या पायथ्याशीच ठेवावी लागते. अप्पांच्या पायांपासून हातभर अंतरावर. शेजारी वाळूची बादली आहे. डावा हात वायरवर ठेवून मी हे लिहितेय, म्हणून अक्षर असं. चटका बसला की मशीन बंद करते आणि अप्पांचा चेहरा बघत शंभर आकडे मोजते. काल दीडशे मोजता येत होते. मग पुन्हा सुरू करते. बंद ठेवलं तर त्यांचा श्वास जातो. चालू ठेवलं तर कधी पेट घेईल सांगता येत नाही. मी फार घाबरलेय, दादा.

इथल्या इलेक्ट्रिकवाल्याला काल बोलावलं. त्याने पेटी उघडली, तार बघितली आणि हात मागे घेतला. "ताई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" म्हणाला. पेटीला लागते तेवढी जाड वायर त्याच्याकडे नाही, आणि या पेटीला तो हात लावणार नाही.

कुणी शिकवलं ते त्याला मी सांगितलं नाही. तुला सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी दुकानाला आग लागली तेव्हा फ्यूजमधली तार तू घातलीस असं अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले. तुझा हात भाजलेला, पट्टीतून पाणी येत होतं, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "दादानेच घातली." दादा, तार अप्पांनी घातली होती. त्या दिवशी सकाळी स्टूल मीच धरलं होतं. अप्पांची अब्रू जाईल म्हणून मी खोटं बोलले, आणि तू बॅग भरून निघून गेलास. एवढ्या वर्षांत एकदाही खरं बोलायची हिंमत झाली नाही. आता तुझी गरज पडली म्हणून बोलतेय, हेही मला कळतं. तुला हवं तेवढं रागाव. पण इथे येऊन रागाव.

येताना जाड वायर आण, फ्यूज आण, आणि कुठे मिळाला तर एक भरलेला सिलिंडर. तुझी गाडी आहे, तीन तासांचा रस्ता आहे.

अप्पांनी आत्ता विचारलं, कुणाला लिहितेस. दादाला, म्हटलं. तेव्हा ते नाकातली नळी बाजूला करून म्हणाले, "त्याला म्हणावं, पेटी उघडताना हाताला जप." तुझ्या हाताचं नाव त्यांनी त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा काढलं. पुढे काही बोलायला त्यांना दम पुरला नाही. नळी मी परत लावली.

नर्सताई दारात आल्यात. आत्ता मोजायला लागले तर ऐंशीलाच अप्पांची मान कलली. वीज यायला अजून आठ तास आहेत. ये, दादा.

तुझ्याविरुद्ध बोललेली आणि तरी तुझीच,
चिमी