लॅबच्या दारातल्या चपला

बाबा,

मी नुंगंबाक्कमच्या कॉलेजात फॉर्म भरायला जातेय. कपाटातली मार्कशीट न विचारता घेतली, रागावू नका.

शोळिंगनल्लूरच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब तुम्हाला फार आवडली, किती स्वच्छ म्हणालात. पण चपला काढून आत गेलो तेव्हा दारात फक्त आपल्या दोघांच्याच चपला होत्या, तेही ऐन कॉलेजच्या वेळेत. तिथल्या कॉम्प्युटरना कुणी हातच लावत नसेल, तर मी ते दुरुस्त करायला काय शिकणार? नुंगंबाक्कमला दाराबाहेर चपलांचा नुसता ढीग होता.

आज शेवटचा दिवस. फॉर्मवर तुमची सही लागते; ती मला हुबेहूब जमते, पण हात धजावत नाही. चारला खिडकी बंद होते. चिठ्ठी वाचलीत की चपला परत पायात घाला आणि तसेच या. मी कॉलेजच्या फाटकाशी उभी असेन.

ऊर्मी